शिवाजीराव गायकवाडांचा चेहरा

मद्रास उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५मध्ये ज्या एका दाव्याचा निकाल दिला, त्याचं नाव आहे ‘शिवाजीराव गायकवाड विरुद्ध वर्षा प्रॉडक्शन्स’. वादी बेंगळुरूतल्या मराठी घरात वाढलेले. जग त्यांना रजनीकांत म्हणतं. ‘मैं हूँ रजनीकांत’ नावाचा एक हिंदी चित्रपट येऊ घातला होता. त्यात आपलं नाव, आपली छबी, आपल्या लकबी परवानगीशिवाय वापरू नयेत, एवढीच त्यांची मागणी. चित्रपटवाल्यांचं म्हणणं असं, की ही काही त्यांची जीवनकथा नव्हे. न्यायालयानं कौल दिला तो रजनीकांत यांच्या बाजूनं. प्रसिद्ध माणूस पाहताक्षणी ओळखू येत असेल, तर लोकांचा गोंधळ झाला हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, हे त्या निकालातलं महत्त्वाचं सूत्र.

त्याच्या आदल्याच वर्षी, २३ मे २०१४ला, रजनीकांत यांचा ‘कोचडैयान’ प्रदर्शित झाला होता. दिग्दर्शक त्यांचीच धाकटी मुलगी सौंदर्या, पटकथा के. एस. रविकुमार यांची, संगीत ए. आर. रहमान यांचं. पडद्यावर सबंध वेळ रजनीकांत दिसतात, पण कॅमेऱ्यानं टिपलेली त्यांची एकही चौकट त्या कथेत नाही. सगळं संगणकावर घडवलेलं. खऱ्यासारखी दिसणारी माणसं मोशन कॅप्चरच्या तंत्रानं उभी करणारा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली. ज्या भाषांत तो येणार अशी घोषणा झाली, त्यांत तमिळ, तेलुगू, हिंदीच्या जोडीला मराठीही होती.

हे दोन प्रसंग मला शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. एकीकडे न्यायालय म्हणतं, हा चेहरा या माणसाचा. दुसरीकडे दोन वर्षं खपून तंत्रज्ञांनी तोच चेहरा संगणकात घडवला आणि प्रेक्षक बाहेर येऊन म्हणाले, दिसतो तसाच, पण हा तो नाही. चेहरा ओळखू येणं आणि चेहरा जिवंत वाटणं, या दोन गोष्टींमध्ये नेमकं काय असतं, याचा शोध चेन्नईत गेली वीस वर्षं चालू आहे आणि त्यातला मोठा भाग एका मराठी माणसाच्या चेहऱ्यावर झाला आहे.

सुरुवात ‘शिवाजी’पासून करायला हवी. २००७चा शंकर यांचा चित्रपट. त्यातल्या एका गाण्यात नायकाला अचानक गोरंपान दिसायचं होतं. रंगभूषेनं ते साधत नव्हतं, कारण रंग कातडीवर बसतो आणि प्रकाश कातडीच्या आत शिरतो. दृश्यपरिणामांची बाजू सांभाळणाऱ्या व्ही. श्रीनिवास मोहन यांनी आणि त्यांच्या चमूनं मग वेगळीच वाट काढली. रजनीकांत यांच्यावर चित्रित केलेली दृश्यं तशाच प्रकाशात एका गोऱ्या स्त्रीवर पुन्हा चित्रित केली आणि तिच्या त्वचेचा वर्ण चौकटीमागून चौकट त्यांच्या चेहऱ्यावर चढवला. त्या वर्षीचं स्पेशल इफेक्ट्सचं राष्ट्रीय पारितोषिक या चित्रपटालाच मिळालं. सावळ्या माणसाला गोरं करण्यासाठी एवढी बुद्धी आणि एवढी रात्रपाळी खर्ची पडावी, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. तमिळ जनतेनं ज्याच्या सावळेपणावर जीव टाकला, त्याच्याच बाबतीत हे घडावं, हे तर फारच. पण कारागीर म्हणून त्या मंडळींना जे कळलं ते खरं होतं: त्वचा म्हणजे रंगवलेली भिंत नव्हे.

याचं शास्त्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. प्रकाशाचा किरण त्वचेवर पडला की थोडा परावर्तित होतो आणि बराचसा आत शिरतो, रक्तातून आणि मेदातून इकडेतिकडे विखुरतो आणि जरा बाजूच्या जागेतून बाहेर येतो. म्हणून कानामागे ऊन असलं की पाळी लालसर उजळते. स्टॅनफर्डमध्ये हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये हे विखुरणं संगणकाला झेपेल अशा गणितात बसवलं. तोवर पडद्यावरची संगणकी माणसं प्लास्टिकची दिसत, ती हे गणित हाती नसल्यामुळे. पुढच्याच वर्षी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॉलम आला आणि त्याच्या कातडीकडे बघताना प्रथमच वाटलं, की हिच्याखाली काहीतरी ओलं आणि कोमट आहे.

‘शिवाजी’नंतर २०१०मध्ये ‘एंदिरन’. हिंदीत आपण त्याला ‘रोबोट’ म्हणून पाहिला. त्यात यंत्रमानवासाठी अमेरिकेतल्या स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओतल्या मंडळींनी रजनीकांत यांच्या चेहऱ्याचे हलते पुतळे बनवले, श्रीनिवास मोहन यांनी संगणकाची बाजू सांभाळली आणि राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं. तिथे एक सोय होती. पात्र मुळातच यंत्र होतं, त्यामुळे चेहरा किंचित ताठर दिसला तर तो कथेला धरूनच वाटे. ‘कोचडैयान’ला ती सवलत नव्हती. तिथे राजा हवा होता, बाप हवा होता, प्रियकर हवा होता.

त्या चित्रपटाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यायला हवी. आधी ‘राणा’ नावाचा भव्य चित्रपट ठरला होता. एप्रिल २०११च्या अखेरीस चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी रजनीकांत आजारी पडले, पुढे उपचारांसाठी सिंगापूरला गेले. चित्रपट थांबला. साठी ओलांडलेल्या, आजारातून उठलेल्या नटाला घोड्यावर बसवून लढाया करायला लावणं शक्य नव्हतं. मग ठरलं, की अंगाला खुणा चिकटवून त्यांनी मोकळ्या जागेत हालचाली करायच्या, आणि पडद्यावर दिसेल तो तिशीतला वीर. २०१२मध्ये लंडनच्या पाइनवुड स्टुडिओत हे चित्रण झालं. हॉलिवूडला अशा कामाला जो पैसा आणि जो वेळ मिळतो, त्याचा लहानसा हिस्साच इथे हाताशी होता.

मी तो चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला, चालणं एकदा आणि चेहरा एकदा असा. चालणं रजनीकांत यांचंच आहे. खांदा पुढे टाकून वळणं, हाताचा तो झटका, थांबण्याआधीची अर्ध्या क्षणाची घाई, सगळं आलंय. सांध्यांच्या खुणा कॅमेऱ्यांनी टिपल्या की एवढं मिळतं. गडबड गळ्याच्या वर होते. पात्र रागावतं तेव्हा भुवया रागावतात आणि गाल गप्प राहतात. हसतं तेव्हा ओठ हसतात आणि डोळ्यांखालची त्वचा हलत नाही. फ्रेंच वैद्य द्युशेन यानं विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचे स्नायू एकेक हलवून पाहिले होते आणि १८६२मध्ये नमूद केलं होतं, की ओठांचा स्नायू माणूस मनात आणलं की हलवतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदाशिवाय तसा हलत नाही. दीडशे वर्षांनी चेन्नईच्या पडद्यावर नेमकी तीच उणीव उघडी पडली.

हे काम आज रोज करणाऱ्या माणसाला भेटावं म्हणून मी आवडीला गेले. मुंबईहून येणारी गाडी असो की बेंगळुरूहून येणारी, अरक्कोणम सोडल्यावर आवडीवरूनच ती चेन्नई सेंट्रलला जाते. १९५५च्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला तो इथे. साठच्या दशकात रणगाड्यांचा कारखाना आला, विजयंत इथे बनला, पुढे अर्जुन. रणगाड्यांवर संशोधन करणारी डीआरडीओची संस्था इथे आहे, हवाई दलाचं ठाणं आहे, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ आहे. नोकरीच्या निमित्तानं आलेली मराठी घरंही त्यामुळे इथे आहेत. त्यातल्याच एका घरातली मुलगी चेन्नईच्या एका स्टुडिओत चेहऱ्यांचं अ‍ॅनिमेशन करते आणि लोकलनं रोज जाऊन येऊन करते. वडील रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे वाईकडचे. घरात मराठी, दारात तमिळ.

स्टुडिओतलं काम चित्रपट लागेपर्यंत बाहेर दाखवता येत नाही. तिनं मला दाखवलं ते सरावासाठी स्वतः केलेलं डोकं. तिच्या वडिलांचं. फोननं चहूबाजूंनी शेकडो फोटो काढून ते सॉफ्टवेअरला दिले, त्यातून चेहऱ्याचा आकार निघाला, आणि मग तिनं तो हातानं नीट केला. पडद्यावर बिनकेसांचं राखाडी डोकं होतं. बाजूलाच टेबलावर छोटा आरसा ठेवलेला. अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या टेबलावर तो असतोच, म्हणाली. शॉट हातात आला की आधी स्वतः तोंड करून बघायचं.

“मावशी, डोळ्याकडे नका बघू. खालच्या पापणीच्या काठाकडे बघा,” ती म्हणाली आणि तिनं माउसनं एक खूण काढली. डोळा एकदम काचेचा झाला. खूण परत घातली. पापणी आणि बुबुळ यांच्या मधोमध पाण्याची एक बारीक कड चमकली आणि डोळा माणसाचा झाला. एवढ्या मोठ्या डोक्यात ती कड दोन-चार ठिपक्यांची असेल. नंतर ओठ. आपण तोंड उघडतो तेव्हा दोन्ही ओठ एकदम सुटत नाहीत. मधून आधी सुटतात, कोपऱ्यांत लाळेमुळे क्षणभर चिकटून राहतात. हे केलं नाही तर तोंड पाकिटासारखं उघडतं. मग पापण्यांची उघडझाप. सेकंदाला २४ चौकटी असतात, त्यांतल्या पाच-सात चौकटींत ती संपते. मिटताना भरकन, उघडताना जरा आळसावून. आणि मिटते तेव्हा बुबुळ जागच्या जागी राहत नाही, किंचित खाली नाकाकडे सरकतं.

पहिल्यांदा तिनं सगळे करतात तसं केलं होतं: अर्धा चेहरा घडवायचा आणि उरलेला अर्धा आरशासारखा उलटवून घ्यायचा. काम निम्म्यावर येतं. आईला दाखवलं तर आई म्हणाली, “हे तुझे बाबा नाहीत. त्यांच्या भावासारखे दिसतायत.” वडिलांचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक, नाकाचा शेंडा जरा तिरका, हसताना उजवा गाल आधी चढतो. हे सगळं गेलं होतं. तिनं दोन्ही अर्धे वेगवेगळे केले. आई मग काही बोलली नाही, जवळ येऊन बघत राहिली.

वडील शेजारीच कॉफी घेत बसले होते. म्हणाले, “आमच्या कारखान्यात ड्रॉइंग असायचं. माप चुकलं की गेज सांगायचा. हिच्या कामात गेज म्हणजे हिची आई.”

त्यांनी सहज म्हटलं, पण यातली खरी अडचण तीच आहे. चेहऱ्याला ड्रॉइंग नाही. युटा विद्यापीठात शिकत असलेल्या फ्रेडरिक पार्कनं १९७२मध्ये संगणकावर पहिला हलता मानवी चेहरा काढला, तेव्हापासून लोक असं काही माप शोधताहेत. १९७८मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्यावरच्या दिसू शकणाऱ्या हालचालींची एक सूची केली. कोणत्या स्नायूनं भुवईचं आतलं टोक वर जातं, कोणत्यानं ओठाचा कोपरा खाली येतो, असं प्रत्येकाला क्रमांक देऊन. आज जगातल्या बहुतेक स्टुडिओंत चेहऱ्याचं रिग, म्हणजे तो हलवायची संगणकी यंत्रणा, त्या सूचीवर आधारलेलं असतं. नटाला एकेक हालचाल करायला लावून स्कॅन करतात आणि मग त्या आकारांचं कमी-जास्त मिश्रण करून हवा तो भाव काढतात. त्या मुलीच्या पडद्यावर उजव्या हाताला या मिश्रणासाठीच्या सरकपट्ट्यांची लांबच लांब ओळ होती.

ती ओळ बघताना मला नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय आठवला. भरतानं तिथे दृष्टी ३६ सांगितल्या, बुबुळांची कर्मं ९, पापण्यांची ९, भुवयांची ७, नाकाची ६, गालांची ६, खालच्या ओठाची ६, हनुवटीची ७. इतकं सुटं सुटं मोजून झाल्यावर तो थांबत नाही. तो ‘मुखराग’ नावाचं वेगळं प्रकरण काढतो. चेहऱ्याच्या वर्णाचे चार प्रकार: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. अंगांचा नि उपांगांचा अभिनय कितीही चांगला झाला, तरी मुखरागाशिवाय तो शोभत नाही, असं त्याचं मत. शिवाय सात्त्विक भावांत वैवर्ण्य येतं, स्वेद येतो, अश्रू येतात. म्हणजे हालचालींचा हिशोब पुरा झाला तरी चेहरा पुरा होत नाही. त्याला रक्त लागतं, घाम लागतो, आणि मन एकाग्र झाल्याशिवाय ते येत नाही.

‘कोचडैयान’ कुठे उणा पडला, हे याहून नेमकं मला सांगता येणार नाही. राग आला तरी तिथल्या राजाच्या चेहऱ्यावर रक्त चढत नाही. आजचे स्टुडिओ भाव बदलला की त्वचेखालच्या रक्ताचा नकाशाही बदलतात. भुवई आवळली की मधला भाग फिका आणि भोवती लाल, ओठ दाबले की पांढरे आणि सोडले की भरून येणारे. त्या मुलीनं वडिलांच्या चेहऱ्यावर तोच खेळ केला होता. रंग बंद करून हसवलं, तर गृहस्थ नम्रपणे हसत होते. रंग सुरू केला, तर कुणाच्या तरी आठवणीनं हसत होते. पट्ट्या त्याच होत्या.

जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये लिहून ठेवलं होतं, की कृत्रिम आकृती माणसाच्या जवळ जाऊ लागली की ती आवडू लागते, पण अगदी जवळ आली, तरी पुरती माणूस झाली नाही, की अचानक नकोशी वाटते, जणू वाटेत खड्डाच लागतो. २००१चा ‘फायनल फँटसी’ आणि २००४चा ‘पोलर एक्स्प्रेस’ त्या खड्ड्यात गेले, तेही कितीतरी अधिक पैसा असताना. म्हणून ‘कोचडैयान’ची टवाळी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांनी तो केला, त्यांतली अनेक पोरं पुढे दक्षिणेतल्या मोठ्या चित्रपटांत कामाला लागली असणार. खड्डा किती खोल आहे हे उतरल्याशिवाय कळत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिचा उगमही याच चित्रपटात आहे. त्यात नागेश आहेत. तमिळ पडद्यावरचे ते थोर विनोदी नट जानेवारी २००९मध्येच वारले होते. व्रणांनी भरलेला तो चेहरा, ती रबरासारखी वळणारी काया. दुसऱ्याच्या हालचालींवर त्यांचा चेहरा बसवून त्यांना परत आणलं. २०२४मध्ये ‘इंडियन २’मध्ये विवेक आणि नेडुमुडी वेणू हे नट दिसले. दोघंही २०२१मध्ये गेले, काम अर्धवट राहिलं होतं, ते संगणकानं पुरं केलं. त्याच वर्षी ‘लाल सलाम’मध्ये रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं वापरले, कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. सप्टेंबरमध्ये ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’मध्ये दिवंगत नट विजयकांत अवतरले. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिथेही कुटुंबाचा होकार होता. त्याच चित्रपटात नायक विजय तरुण होऊन समोर उभा राहतो, तो मात्र हयात, संमती देणारा, स्वतः अभिनय करणारा.

हे सगळे प्रकार एका मापानं तोलता येत नाहीत. विवेक आणि वेणू यांनी ती भूमिका स्वीकारली होती, काही भाग केला होता. त्यांचं काम पुरं करणं मला आदराचं वाटतं. नागेश किंवा विजयकांत यांना मात्र तो प्रसंग कुणी वाचून दाखवला नव्हता. वारस नाव देऊ शकतात, छबी देऊ शकतात. या संवादावर भुवई वर न्यायची की खाली, हे वारस सांगू शकत नाहीत. तो निर्णय नटाचा असतो आणि नट म्हणजेच त्या निर्णयांची बेरीज. भुवई कुणीतरी वर नेतंच. ते टेबलावर आरसा ठेवून बसलेलं कुणीतरी असतं, आणि बहुतेक वेळा शेवटच्या नामावलीत त्याचं नाव कुणी वाचेपर्यंत दिवे लागलेले असतात.

न्यायालयं आता यात लक्ष घालताहेत. २०१५च्या त्या गायकवाड दाव्याचा आधार वकील आजही घेतात. २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांना संरक्षण दिलं, २०२४मध्ये जॅकी श्रॉफ यांना. ‘कोचडैयान’मध्ये श्रॉफही होते, त्यांचाही चेहरा संगणकात गेलेला. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना रोखलं. ही सगळी नावं मोठी आहेत. वकील लावण्याची ऐपत असलेली. गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटाचं काय? अमेरिकेत २०२३मध्ये नटांच्या संघटनेनं ११८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता, की एका दिवसाची मजुरी देऊन स्कॅन केलेला चेहरा निर्मात्यानं पुढे विचारल्याशिवाय वापरायचा नाही. तिथे करारात संमतीच्या अटी घालून घेतल्या गेल्या. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही.

आवडीच्या त्या मुलीनं वडिलांचे फोटो काढण्याआधी त्यांची एका कागदावर सही घेतली होती. घरातल्या घरात हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “सवय लागावी म्हणून. आणि बाबांनी अर्ध्या तासानं वाचून सही केली, त्यात एक ओळ स्वतः वाढवली.” वाढवलेली ओळ अशी, की हा चेहरा कुठल्याही जाहिरातीत बोलणार नाही.

मराठी मालिका आणि चित्रपटांच्या सेटवर स्कॅनिंगची यंत्रं आता पोचू लागतील. स्वस्त होताहेत, फोनवर होतंय. तेव्हा नट-नट्यांच्या संघटनांनी आणि नाट्य परिषदेनं आत्ताच एक साधा नमुना तयार करावा, मराठीत, कनिष्ठ कलावंताला वाचता येईल असा. चेहरा कोणत्या कामासाठी घेतला, तो कुठे ठेवला आहे, किती वर्षांनी पुसायचा, दुसऱ्या चित्रपटात वापरायचा तर पुन्हा विचारणार का आणि किती पैसे देणार, मी गेल्यावर तो हलवायचा की नाही, आणि हलवायचा तर हलवणाऱ्या अ‍ॅनिमेटरचं नाव माझ्या नावाशेजारी येणार का. शेवटच्या दोन रकान्यांसाठी मी स्वतः आग्रह धरीन. तिथे नटानं आपल्या हातानं लिहावं, छापील ‘होय’वर खूण करून भागवू नये.